रिपोर्ट आल्यानंतरचं काम

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात कर्करोग तपासणीची तारीख साखर कारखान्यांचे बॉयलर कधी पेटतात यावर ठरते. दसरा उलटला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं उरतात. आम्हाला ज्या वयाच्या बायका हव्या असतात, म्हणजे तिशी ते पन्नाशीच्या, त्या तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या फडात नाहीतर कर्नाटकात असतात. परततात त्या पाडव्याच्या आगेमागे, आणि मग शेतीची कामं उभी असतात.

या भागात मी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर संशोधन करते. विषय सार्वजनिक आरोग्याचा. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला तपासत नाही आणि औषधही देत नाही. गावात मात्र सगळे मला ‘डॉक्टरीणबाई’च म्हणतात आणि गुडघेदुखीवर गोळी मागतात. तपासणी झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत बाई नेमकी कुठे हरवते हे शोधायचं आणि ती हरवू नये अशी एखादी व्यवस्था लावून बघायची, हे माझं काम.

हा कर्करोग सावकाश वाढतो. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरात बरीच वर्षं टिकून राहिला तर गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बदलायला लागतात, आणि त्या बदलांचा कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. मधल्या काळात बदल सापडला तर काही मिनिटांच्या उपचारात तो निकालात निघतो. एवढा सवड देणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला जवळपास ८० हजार स्त्रिया याने मरतात.

धाराशिव जिल्ह्याला हा विषय नवा नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे, जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं तेव्हा, इथल्याच गावांमध्ये एक मोठी चाचणी झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचे गावांनुसार चार गट पाडले होते. एका गटाची एचपीव्ही तपासणी झाली, एकाची पॅप स्मिअर (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), एकाची अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्या गटाची काहीच नाही. निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट आकाराने जवळपास सारखे. आयुष्यात एकदा केलेली एक तपासणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे जगाने इथल्या बायकांकडून शिकलं.

एका गावात ओट्यावर बसलेल्या म्हातारीला मी समजावून सांगायला लागले तर तिने मला मध्येच थांबवलं. “बार्शीची गाडी आली हुती की मागं. आमाला नेलं हुतं तपासाया. पल्याडच्या गावाला न्हवतं नेलं.” मग जरा थांबून तिने विचारलं, “का न्हवतं नेलं वं?”

याचं उत्तर मी टाळलं नाही, पण देताना जीभ जड झाली. तेव्हा गावात कसलीच तपासणी नव्हती, त्यामुळे चौथ्या गटाचं आम्ही काही काढून घेतलं नाही, असं संशोधकांचं म्हणणं. तपासणीने जीव वाचतात हे जगाला ठाऊक असताना हजारो बायकांना तसंच ठेवणं चूक होतं, असं टीकाकारांचं म्हणणं, आणि ही टीका पुढे अमेरिकेतही पोचली. दोन्ही बाजू वाचल्यावर मला टीकाकारांचं जास्त पटतं. आणि तरी आज मी जी तपासणी वापरते ती याच आकड्यांवर उभी आहे. म्हातारीला मी इतकंच म्हटलं, “मावशी, या वेळी पल्याडच्या गावालाही आहे.”

म्हणूनच आमच्या अभ्यासात तपासणीशिवायचं गाव ठेवलं नाही. तपासणी सगळीकडे सारखी, फरक फक्त पुढच्या पाठपुराव्यात. काही गावांत नेहमीची सरकारी रीत, म्हणजे पॉझिटिव्ह आली की हातात चिठ्ठी आणि ‘ग्रामीण रुग्णालयात जा’. बाकीच्या गावांत आशाताई सोबत जाणार, गाडी आम्ही देणार, त्या दिवसाची बुडालेली मजुरी भरून देणार आणि उपचार शक्यतो त्याच भेटीत उरकणार. एथिक्स कमिटीने प्रस्ताव लवकर मंजूर केला. अडलं ते पैसे देणाऱ्या संस्थेकडे. मजुरीची रक्कम ‘संशोधनाचा खर्च’ होत नाही, ती सेवा झाली, असं त्यांचं म्हणणं. नमुना घेण्याच्या ब्रशला पैसे आहेत, त्या ब्रशने जे सापडेल त्यावर इलाज करून घ्यायला बाईला न्यायचं तर पैसे नाहीत! पत्रापत्रीत एक हंगाम गेला. शेवटी ती रक्कम ‘सहभागींचा प्रवासभत्ता’ या नावाने बसवली.

सरकारी कार्यक्रम कागदावर आहेच. २०१६ पासून तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्ही कर्करोगांची तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, तेव्हा गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झालेल्या निघाल्या शंभरात दोनसुद्धा नाहीत. नेमका आकडा १.९ टक्के. यावर बायकांमध्ये जागरूकता नाही असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धवट वाटतं. उपकेंद्रात आडोसा नसतो, टेबल असलं तर दिवा नसतो, आणि सिस्टरच्या मागे लसीकरण, बाळंतपणं आणि डझनभर रजिस्टरं असतात.

त्यामुळे आम्ही बाईने स्वतःच नमुना घेण्याची पद्धत धरली. मऊ ब्रश आत घालायचा, काही वेळा फिरवायचा, काढून नळीत टाकायचा. एचपीव्हीच्या तपासणीला असा नमुना चालतो, आणि जागतिक आरोग्य संघटनाही त्याची शिफारस करते. गावात त्याला दुसऱ्याच दिवशी ‘काडी’ हे नाव पडलं. “तुजी काडी झाली का?” असं बायका हापशावर एकमेकींना विचारायच्या. अंगणवाडीची कोठीखोली मोकळी केली, दाराला साडी अडकवली, आशाताईने हाताची मूठ करून ब्रश कुठपर्यंत जातो ते दाखवलं. आपल्याला नीट जमलं की नाही ही धास्ती बहुतेकींना होती. वयस्कर बायकांना मात्र हे पटेना. “आमचं आमी करायचं तर तुमी कशाला आलाव?” त्यांचा नमुना सिस्टरने घेतला.

पुरुषांच्या बैठका मारुतीच्या पारावर, संध्याकाळी. हे नसबंदीचं आहे का, कोरोनाच्या लशीसारखं काही टोचणार का, रक्त विकणार का, असे प्रश्न आले. त्यांना उत्तरं देता येतात. टोळी जमवणाऱ्या एका मुकादमाने मात्र वेगळंच विचारलं, “काही निघालं तर टोळीत यायची का न्हाई ही बाई?” त्याने उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, दिलेली होती. त्याच्या दृष्टीने प्रश्न रास्तच होता.

आमच्या प्रश्नावलीत आधी वय, शिक्षण, मुलं किती, असं सगळं होतं. ती चाचपून बघताना आशाताई म्हणाली, “मॅडम, पहिलं हे इचारा की पिशवी हाय का.” पिशवी म्हणजे गर्भाशय. तेच काढून टाकलेलं असेल तर पुढचं सगळं विचारून उपयोग काय? तो प्रश्न आम्ही सगळ्यात वर घेतला. त्यानंतर एकेका वाडीत चाळिशीही न गाठलेल्या बायका ‘न्हाई, काढली’ म्हणून उठून जायला लागल्या.

बीड जिल्ह्यातली ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याची गोष्ट २०१९ मध्ये गाजली होती. राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कारणं अनेक. पाळीच्या दिवसांत कामाला खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडात पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जाण्याचा त्रास कायमचा. पण बायकांशी बोलताना एक वाक्य मी परत परत ऐकलं. “पिशवीला सूज हाय, ऱ्हाऊ दिली तर पुढं कॅन्सर व्हईल म्हणले.” सोनोग्राफीचा एक कागद, ‘कॅन्सर’ हा शब्द आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन. पुढे पस्तिशीतच कंबरदुखी, अंगाची आग, हाडं ठिसूळ.

म्हणजे कर्करोग प्रतिबंधाची भाषा आमच्या आधीच इथे पोचलेली होती, आणि तिच्यावर धंदा चालू होता. ‘कॅन्सरची तपासणी’ म्हटलं की बाईला ऐकू यायचं ‘आता पिशवी काढणार’. जिची पिशवी अजून शाबूत होती ती त्यामुळेच आमच्याकडे फिरकत नव्हती. आशाताईंच्या बोलण्याची सुरुवातच आम्ही बदलली. आधी सांगायचं की यात पिशवी काढत नाहीत, मग बाकीचं. कुणी कुठेही काढायला सांगितली तर आधी आम्हाला फोन करा, हेही सांगायचं. पॉझिटिव्ह आलेल्या बाईला आपण लवकर गाठलं नाही तर ती नुसती घरी बसून राहते असं नाही, तो कागद घेऊन ती दुसऱ्या कुणाच्या तरी दवाखान्यात जाते. तिथे तिचं काय होईल याची मला जास्त भीती वाटते.

नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत जायचे. ठरावीक संख्या जमली की एकदम तपासणी, त्यामुळे रिपोर्टला आठवडे लागायचे.

रिपोर्ट कुणी सांगायचा हा प्रश्न मी सोपा समजत होते. आशाताई त्याच गावची, बहुतेक वेळा नात्यातली. कुणाची ती चुलत जाऊ, कुणाची नणंद. काहींना तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नव्हतं, काहींना ती सोडून कुणीही चालत होतं. फोन करावा तर फोन नवऱ्याच्या खिशात. मग नमुना घेतानाच प्रत्येकीला विचारून लिहून ठेवायला लागलो की आशाताई, सिस्टर की उपकेंद्रात बोलावून.

आणि सांगायचं काय? विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही आणि सांगितलं की घर पेटतं. एका बाईने पहिलाच प्रश्न टाकला, “म्हंजी ह्यांनी आणला का म्या?” तिचा आवाज भांडणाचा नव्हता, हिशेबाचा होता. आमची सिस्टर यात फार तरबेज. ती सांगायची की हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी बहुतेक सगळ्यांना होतो, बायांना आणि बाप्यांना. तो बहुतेकांच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. तुझ्यात तो कधी आला, लग्नाच्या पहिल्या वर्षी की गेल्या साली, हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही, आणि म्हणून कुणी आणला हेही सांगू शकत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, आत बघायची गरज आहे एवढंच. हे सगळं सांगून झालं तरी काही बायका दोन रात्री झोपत नसत. एक नवरा मात्र स्वतः उपकेंद्रात आला, “माजंबी तपासा” म्हणाला. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, हे ऐकून त्याला फसवल्यासारखं वाटलं असावं.

उपचाराची भेट त्यामानाने साधी. गर्भाशयाच्या तोंडावर पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरच, आणि मिनिटभर थांबायचं. बदललेला भाग पांढरा पडतो. तो पूर्ण दिसत असेल, आत नळीत शिरलेला नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राच्या टोकाने तो तापवून जाळून टाकायचा. टोक १०० अंशांच्या आसपास तापतं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास टेकवावं लागतं. भूल नाही, टाका नाही. पूर्वीच्या, तो भाग गोठवण्याच्या उपचाराला लागायचे ते गॅसचे सिलिंडरही आता वाहून न्यावे लागत नाहीत. पांढरा भाग आत शिरलेला असेल तर मात्र जिल्ह्याला पाठवावं लागतं. वय वाढलं की ज्या भागात हे बदल होतात तो आत सरकतो, म्हणून पन्नाशीनंतर नुसत्या डोळ्यांनी बघण्यावर भिस्त ठेवता येत नाही.

खरी अडचण नंतरच्या महिन्याची. पाणी जातं ते आपोआप थांबतं, पण चार आठवडे शरीरसंबंध टाळायचे असतात. हे घरी कसं सांगायचं? बायकांनीच तोड काढली. “डॉक्टरांची चिठ्ठी द्या, शिक्का मारून.” मग रुग्णालयाच्या कागदावर डॉक्टर लिहून द्यायचे आणि गोल शिक्का मारायचे. बाईच्या शब्दाला घरात जे वजन नव्हतं ते त्या शिक्क्याला होतं. हे मला आवडलं नाही, पण चाललं.

रिपोर्टला आठवडे लागले की दसरा गाठायचाच. पॉझिटिव्ह आलेल्या काही बायका तोवर फडावर गेलेल्या. आम्ही मुकादमांचे नंबर घेतले, कारखान्यांच्या तळांवर गेलो. तळावर पाचटाच्या कोप्या, पहाटे चारला उठणं, दिवस फडात, रात्री गाडी भरणं. अशा बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू की तालुक्याला चल, तासाभराचं काम आहे? तिचा एकटीचा खाडा होत नाही, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, तिच्याबरोबर त्याचाही दिवस बुडतो. काही टोळ्यांना आठवडी बाजारासाठी अर्धा दिवस मिळतो. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकारी बाईंनी तो अर्धा दिवस आमच्यासाठी राखून ठेवला. बाजाराची पिशवी घेऊनच बायका यायच्या. खाड्याचे पैसे कापू नयेत म्हणून मुकादमांशी बोललो. पहिल्या पारावरचा तो मुकादम चटकन तयार झाला, दुसऱ्या एकाने मात्र शेवटपर्यंत ऐकलं नाही.

याच फेरीत एका बाईचा आजार पुढे गेलेला निघाला. तिला बार्शीला नेलं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचा खर्च बसला, पण रोजच्या किरणोपचाराचे आठवडे तिथे राहायचं कुठे, सोबत कोण, आणि उचल कशी फेडायची, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. तिच्या भावाने दोन शेळ्या विकल्या. आमच्या तक्त्यात ती ‘निदान झाले, उपचार सुरू’ या रकान्यात आहे.

मुलींच्या एचपीव्ही लशीबद्दल आया हमखास विचारतात. त्यात बार्शीचं नाव पुन्हा येतं. २००९ मध्ये देशातल्या काही केंद्रांवर, त्यात बार्शी आणि पुणेही होतं, किशोरवयीन मुलींना दोन की तीन मात्रा द्याव्यात याचा अभ्यास सुरू झाला. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्याच्या एका वेगळ्याच लसप्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत लशीशी त्यांचा संबंध निघाला नाही, संमती ज्या रीतीने घेतली त्यावर मात्र कडक ताशेरे आले. त्या वादात या अभ्यासातलं लसीकरणही थांबलं, आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. त्यांचा मागोवा चालू ठेवला तेव्हा दिसलं की विषाणूच्या सर्वांत घातक दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ती एक मात्राही दहा वर्षं जवळपास ९५ टक्के संरक्षण देते. आज एका मात्रेवर जग विश्वास ठेवतं त्याला या मुलींचा मोठा आधार आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही देशी लसही २०२३ मध्ये आली. पण लस आज दहा-चौदा वर्षांच्या असलेल्या मुलींसाठी. त्यांच्या आयांसाठी काडीच.

अभ्यासाचे आकडे अजून प्रसिद्ध व्हायचे आहेत, म्हणून इथे देत नाही. माझा स्वतःचा कौल सांगते. मजुरी भरून देण्याचा उपयोग झाला, पण त्याहून जास्त उपयोग झाला बाईला दुसरी खेप पडू न देण्याचा. जिथे बघणं आणि जाळणं एकाच भेटीत झालं तिथे गळती कमी. जिथे ‘पुढच्या बुधवारी या’ म्हटलं तिथे पुढचा बुधवार बहुधा आलाच नाही. आता आम्ही नमुने जून-जुलैमध्ये घेतो, म्हणजे टोळ्या हलायच्या आत रिपोर्ट आणि उपचार दोन्ही उरकायला सवड राहते. क्षयरोगासाठी ग्रामीण भागात पोचलेलं गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र एचपीव्हीसाठीही वापरता येतं. ते इथे सुरू झालं तर शहरात नमुने पाठवून वाट बघायची गरज उरणार नाही. त्यासाठी अर्ज केलाय.

मध्यंतरी जिल्ह्याच्या आढावा बैठकीत तालुक्यांची यादी पडद्यावर होती. किती तपासल्या, किती पॉझिटिव्ह, टक्केवारी, हिरवा-पिवळा-लाल रंग. मी सुचवलं की शेवटी ‘उपचार पूर्ण’ असा एक रकाना टाकावा. एक अधिकारी हसून म्हणाले, “मॅडम, टाकला तर भरावा लागेल.” रकाना काही पडला नाही. आमच्या भागातल्या उपकेंद्रांच्या सिस्टरनी मात्र आपापल्या रजिस्टरात तो पट्टीने आखून घेतलाय, आणि त्यात एकीने स्वतःहून आणखी एक जोडलाय : ‘कोणत्या कारखान्यावर, मुकादमाचा फोन.’